हलकेपणा आणि दृढता : दोन संग्राह्य मोटारगाड्या

वस्तू जितकी जड, तितके तिचा वेग वाढविण्यास अधिक बल लागते, हा न्यूटनचा नियम सर्वपरिचित आहे. म्हणून शर्यतीच्या धर्तीची मोटारगाडी हलकी असावी लागते. पण ती दृढही हवी. वळणावर गाडीचा सांगाडा पिळवटला, तर चाके रस्त्याशी योग्य कोन राखू शकत नाहीत आणि चालकाचा ताबा सुटण्याचा धोका असतो. हे दोन्ही गुण एकत्र कसे साधावेत? या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे संग्राहकांनी जपलेल्या दोन गाड्यांत पाहावयास मिळतात : जर्मनीची मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएल (१९५४) व जपानची होंडा एनएसएक्स (१९९०). दोहोंची एंजिने सहा सिलिंडरांची असून त्यांचे आकारमान अनुक्रमे २,९९६ व २,९७७ घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सारखेच आहे. त्यामुळे तुलना सोपी होते.

जर्मन उत्तर भूमितीचे होते. चार पट्ट्या टोकांशी खिळवून केलेला चौकोन दाबताच तिरका होतो. त्रिकोण मात्र एखादी पट्टी वाकल्याखेरीज आकार बदलत नाही. रुडॉल्फ ऊलनहाउट या अभियंत्याने बारीक पोलादी नळ्यांच्या अशा त्रिकोणांचा सांगाडा रचला. त्यात प्रत्येक नळीवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, वाकविणारे बल फारसे येत नाही; म्हणून नळी बारीक असली तरी चालते. याच धर्तीच्या शर्यतीच्या गाडीने १९५२ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. मात्र त्रिकोणांची ही जाळी दोन्ही कुशींस इतकी उंच आली की, नेहमीच्या दारांना जागा उरली नाही. तेव्हा बिजागऱ्या छपरात बसवून वर उघडणारी दारे करण्यात आली. पक्ष्याने पंख पसरावेत तसे दिसणारे हे रूप असे गरजेतून जन्मले. १९५४ ते १९५७ या काळात अशा १,४०० गाड्या तयार झाल्या.

जपानी उत्तर धातूचे होते. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असते; पण त्याची ताठरताही तितकीच कमी असते. मग लाभ कोणता? पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १.४४ चा घन सुमारे ३ होतो. म्हणून पोलादी पत्र्याच्या १.४४ पट जाड असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा तितकाच ताठ असतो, आणि त्याचे वजन मात्र जवळजवळ निम्मे भरते. एनएसएक्सचे संपूर्ण ॲल्युमिनियमचे कवच सुमारे २१० किलोग्रॅमचे होते. तशाच पोलादी कवचापेक्षा ते सुमारे १४० किलोग्रॅमने हलके होते. तथापि केवळ धातू बदलून काम भागले नाही. १९८९ साली सुझुका येथे प्रायोगिक गाडी चालवून पाहिल्यावर ब्राझीलचा शर्यतपटू आयर्टन सेना याने तीत दृढता कमी असल्याचे सांगितले. त्यानंतर अभियंत्यांनी कवच अधिक बळकट केले.

प्रत्येक उत्तराचे मोलही द्यावे लागले. नळ्यांच्या सांगाड्यामुळे गाडीत चढउतार अवघड झाली. ॲल्युमिनियम वीज व उष्णता झपाट्याने वाहून नेते, म्हणून त्याचे सांधकाम पोलादापेक्षा कठीण ठरले.

यातील भूमितीचा भाग विद्यार्थ्यांना वर्गातच पडताळता येईल. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करावा व तो दाबून पाहावा. मग पाचवी पट्टी कर्णावर लावून पुन्हा दाबावा. फरक तत्काळ ध्यानात येईल.