ड्रोनची फवारणी : आधी पाणी, मग औषध
(ऊस विकास विभागाकडून)

सभासद बंधु-भगिनींनो,

सध्या गटागटांतून एकच विचारणा होते आहे, "साहेब, ड्रोननं औषध मारून घेऊ का?" उत्तराआधी एक हकीकत सांगतो.

वसईजवळच्या सांडोर गावी आमच्या एका स्नेह्यांची वाडी आहे. पूर्वी वसईच्या बागायतीत केळीबरोबर ऊसही होत असे. मध्यंतरी तेथे गेलो तेव्हा त्यांनीही हाच प्रश्न केला. आम्ही म्हटले, यात दोन प्रश्न आहेत. पहिला, येथे उडवता येईल का? सांडोरपासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ३० कि.मी. विमानतळाभोवतीचा परवानगीचा पट्टा पूर्वी ४५ कि.मी. होता, तो २०२१ च्या ड्रोन नियमांनी १२ कि.मी. केला. म्हणजे ती अडचण कमी झाली. तरी सरकारी नकाशात जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, हे पाहावेच लागते. दुसरा प्रश्न अवघड. अरुंद वाडी, डोक्यावर नारळ, कुंपणापलीकडे शेजाऱ्याची भाजी. औषध पडणार कुठे? त्यांना सांगितले, आधी नुसते पाणी उडवून पाहा.

ही युक्ती आमच्या पदरची नव्हे, विद्यापीठांची आहे. पवईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांनी उडवून, पाडून, पुन्हा जुळवून ड्रोन तयार केले आणि त्यातून २००७ साली 'आयडियाफोर्ज' ही कंपनी उभी राहिली. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठात 'कास्ट' प्रकल्पातून शेतीच्या ड्रोनवर काम झाले. जपानात १९८७ पासून यामाहाचे बिनवैमानिक हेलिकॉप्टर भातावर फवारणी करू लागले. तेच यंत्र अमेरिकेत न्यायचे झाले तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने द्राक्षबागेत त्याच्या चाचण्या घेतल्या. त्यानंतर २०१५ मध्ये तेथील विमान खात्याने परवानगी दिली. जे यंत्र भाताला चालले ते द्राक्षाला चालेलच, असे त्यांनी गृहीत धरले नाही. आपणही उसाबाबत धरू नये.

हिशेब पाहा. पाठीवरच्या पंपाला एकरी २०० लिटर पाणी लागत असेल तर ड्रोनला १० लिटर पुरते. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच. म्हणजे द्रावण वीसपट कडक आणि थेंब बारीक. बारीक थेंब वाऱ्यावर जातो. तणासाठीचे २,४-डी असे उडून शेजारच्या द्राक्षावर, कापसावर किंवा टोमॅटोवर गेले, तर नुकसान त्याचे आणि भांडण दोघांचे.

तरीही ड्रोन टाकाऊ नाही. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. माणूस औषधाच्या फवाऱ्याबाहेर राहतो, हा मोठा फायदा आहे.

म्हणून पैसे ठरवण्याआधी ही चाचणी घ्या :

(१) थेंब पडताच निळा होणारा पिवळा कागद मिळतो, तो आणा. दव उतरल्यावर, कोरड्या हाताने लावा. नाहीतर आधीच निळा होईल.

(२) फडाच्या मध्यभागी तीन ठिकाणी शेंड्याच्या, मधल्या व खालच्या पानावर कागद लावा. काही पानांच्या खालच्या बाजूसही लावा, कारण लोकरी मावा तेथेच राहतो.

(३) वारा जिकडे जातो तिकडे बांधापलीकडे ५, १० व २० पावलांवर काठीला कागद बांधा.

(४) टाकीत स्वच्छ पाणी भरून, फवारणीच्या वेळी ठेवणार तीच उंची, तोच वेग व तेच नोझल ठेवून उडवायला सांगा.

मग कागद गोळा करून वाचा. शेंड्याचा निळा आणि खालचा कोरा राहिला, तर खालच्या पानावरची कीड त्या फवारणीने मरणार नाही. उंची व वेग बदलून पुन्हा पाहा. बांधापलीकडचा कागद निळा झाला, तर त्या वाऱ्यात तणनाशक मारूच नका.

आणखी एक. संशोधन व चाचणीसाठी शिक्षणसंस्थांना आपल्या ताब्यातील जागेत, हिरव्या क्षेत्रात, चालकाच्या प्रमाणपत्राशिवाय उड्डाणाची सवलत नियमांत आहे. ती भाड्याने फवारणी करणाऱ्याला नाही. तेव्हा चालकाचे प्रमाणपत्र व ड्रोनचा नोंदणी क्रमांक आधी मागा. औषधाच्या लेबलावर ऊस पीक, मात्रा आणि ड्रोनची मुभा आहे का, तेही पाहा.

सांडोरच्या स्नेह्यांनी चाचणी घेतली. कुंपणापलीकडचा कागद निळा निघाला. त्यांनी ड्रोनवाल्याला चहा पाजून परत पाठवले आणि पंपच चालू ठेवला. आपले फड मोकळे आहेत, आपले उत्तर वेगळे येऊ शकेल. पण ते कागदावर पाहून ठरवा, ऐकीव गोष्टीवर नको. कागद कसे लावायचे हे पाहावयाचे असल्यास आपल्या गटाच्या कृषि सहाय्यकास बांधावर बोलवावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी