ग्वाल्हेरात दहावीनंतर डिप्लोमा, मग बी.टेक.चं थेट दुसरं वर्ष

दहावीचा निकाल लागला की लश्कर भागातल्या मराठी घरांत एकच घाई सुरू होते: अकरावी सायन्स, कोचिंग, जेईई. कॉम्प्युटर सायन्सच शिकायचं असेल तर दुसराही रस्ता आहे आणि तो मी आग्रहाने सुचवते. आधी पॉलिटेक्निकचा ३ वर्षांचा डिप्लोमा, मग लॅटरल एन्ट्रीने बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. यात एक वर्ष वाया जातं असं घरातली वडीलधारी म्हणतात, त्यांना हिशेब दाखवा. अकरावी-बारावीची २ आणि बी.टेक.ची ४, झाली ६. डिप्लोमाची ३ आणि बी.टेक.ची उरलेली ३, तीही ६च.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणारी मुलं एकेका विषयाचे श्रेयांक सोबत नेतात. आपल्याकडे या वाटेवर विषय मोजत नाहीत. डिप्लोमा पुरा झाला की बी.टेक.चं पहिलं वर्ष माफ होतं. त्यामुळे डिप्लोमा मध्येच सोडला तर या सवलतीचा काही उपयोग नाही. आणि गणित घेऊन बारावी झालेल्या मुलाने इकडे वळू नये, त्याने सरळ पहिल्या वर्षाला अर्ज करावा.

सुरुवात कागदांपासून करा. दहावीची गुणपत्रिका, टीसी, समग्र आयडी, लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, शिवाय लोकसेवा केंद्रातून मिळणारं मूल निवासी प्रमाणपत्र. आपल्या घरांत एक अडचण हटकून येते ती नावाची. आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सलग लिहिलेलं असतं. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगही दोन कागदांवर दोन तऱ्हांचं निघतं. गुणपत्रिका प्रमाण धरून आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या. ऐन काउन्सिलिंगच्या आठवड्यात ते जमत नाही.

डिप्लोमाचे प्रवेश भोपाळच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन काउन्सिलिंगमधून होतात. अर्ज घरूनही भरता येतो. एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर भरलात तर पावती मागून घ्या आणि चॉइस फिलिंगचा क्रम मात्र स्वतः ठरवा. ग्वाल्हेरात सरकारी डॉ. आंबेडकर पॉलिटेक्निक आहे, त्याचा विचार आधी करा. खासगी संस्थेत जाणार असाल तर आधी जाऊन प्रयोगशाळा बघा: किती मशिन चालू आहेत, मुलं खरोखर कोड लिहीत बसली आहेत का.

पुढची ३ वर्षं गुण सांभाळायचे. दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी एआयसीटीईची किमान अट ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. पण त्यावर विसंबू नका. लॅटरल एन्ट्रीला मंजूर जागांच्या १० टक्के जागा जादा मिळतात, म्हणजे ६० च्या वर्गामागे ६. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळतात, पण कॉम्प्युटर सायन्समध्ये जागा रिकाम्या राहतात त्या थोड्याच.

खरी कसोटी गणिताची. बी.टेक.च्या तिसऱ्या सेमिस्टरला शेजारी बसलेल्या मुलांनी अकरावी-बारावी आणि पहिलं वर्ष धरून ३ वर्षं गणित केलेलं असतं. डिप्लोमाचं गणित त्या मानाने हलकं. हे अंतर शेवटच्या सुट्टीत भरून निघत नाही, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासूनच रोज तासभर द्या. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं हिंदीत आणि इंग्रजीत फुकट उतरवून घेता येतात. फलन, त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, शेवटी प्रॉबॅबिलिटी, या क्रमाने जा. मुलगा हिंदी माध्यमातला असेल तर प्रकरण हिंदीत समजून घ्यावं आणि गणितं इंग्रजी पुस्तकातून सोडवावीत. पुढची बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजीत असतात.

प्रोग्रॅमिंगमध्ये सी भाषेचे पॉइंटर पक्के करा, आणि तेही कागदावर. लिंक्ड लिस्टमध्ये दोन नोडच्या मधे नवा नोड घालायचा आहे असं समजा. चौकोन काढा, बाण काढा. आधी नव्या नोडचा बाण पुढच्या नोडकडे वळवायचा, मगच मागच्या नोडचा बाण नव्याकडे. हा क्रम उलटला आणि पुढच्या नोडचा पत्ता दुसरीकडे कुठे ठेवलेला नसेल, तर तिथून पुढची सगळी यादी हातची गेली. हे चित्र न बघता काढता आलं की डेटा स्ट्रक्चरचा पेपर निम्मा सोपा होतो. आणि इथे डिप्लोमाची मुलं पुढे असतात, कारण त्यांचे हात ३ वर्षं प्रयोगशाळेत बसलेले असतात.

डिप्लोमाच्या सहाव्या सेमिस्टरचा निकाल येण्याआधीच लॅटरल एन्ट्रीची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचून ठेवा. जिवाजीराव शिंद्यांनी १९५७ मध्ये काढलेली माधव इन्स्टिट्यूट, म्हणजे गोला का मंदिरजवळची एमआयटीएस, ही इथल्या मुलांची स्वाभाविक पहिली पसंती. ती आता अभिमत विद्यापीठ आहे, म्हणून तिची प्रवेशसूचना वेगळी वाचा. इथल्याच ट्रिपल आयटीएमच्या बी.टेक.ला जेईई मेनमधूनच जावं लागतं. डिप्लोमावर तिथे आशा लावू नका. पुण्याला नातेवाईक आहेत म्हणून महाराष्ट्रात जायचं असेल तर तिथल्या सीईटी सेलची डायरेक्ट सेकंड इयरची प्रक्रिया वेगळी आहे, आणि परराज्यातल्या डिप्लोमाधारकांचे नियमही वेगळे.

मुलगी असेल तर एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती सोडू नका: वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींना घेता येते. ती लॅटरल एन्ट्रीलाही लागू आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, प्रवेशाच्याच वर्षी करायचा.

जागा मिळाली की पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना भेटा. ब्रिज कोर्सचे कोणते विषय द्यावे लागतील, त्यांची परीक्षा कधी आणि त्यांचे गुण धरतात की नुसतं उत्तीर्ण व्हायचं, हे विचारून लिहून घ्या.