एक कॅमेरा, चार पडदे : दाराबाहेर बसलेल्यांसाठी



नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे अशा दिवशी लहान चर्चमध्ये जागा पुरत नाही. उशिरा पोचलेली कुटुंबे, तान्ही मुले घेतलेल्या आया आणि गुडघे धरलेली म्हातारी माणसे व्हरांड्यात किंवा मांडवात बसतात. कर्ण्यातून आवाज येतो, पण वेदी दिसत नाही. थोड्या वेळाने मुले खेळू लागतात, मोठी माणसे बोलू लागतात. मग कोणीतरी सुचवतो, "बाहेर टीव्ही लावू या." हे काम नीट कसे करावे आणि त्याची मर्यादा कोणती, याचा आज अभ्यास करू.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. श्रद्धावंतांनी उपासनेत पूर्णपणे, जाणीवपूर्वक व सक्रिय भाग घ्यावा, असे त्याचे १४ वे कलम सांगते. रेडिओ-टीव्हीवरून उपासना दाखवताना विवेक व आदर राखावा, असे २० वे कलम सांगते. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३११ व्या कलमानुसार भाविकांना धर्मगुरू व वाचक दिसावेत आणि आधुनिक साधनांच्या मदतीने त्यांचे शब्द सहज ऐकू यावेत. यातून कामाचा क्रम कळतो : आधी बाकांची मांडणी, मग आवाज, शेवटी पडदा. आवाज फाटका असेल तर टीव्ही घेऊन उपयोग नाही.

असिसीची संत क्लारा आजारपणामुळे मिस्सेला जाऊ शकली नाही, तेव्हा तिला खोलीच्या भिंतीवर मिस्सा दिसली व ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणूनच पोप बारावे पायस यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत घोषित केले. लक्षात घ्या, तो अनुभव जाऊ न शकणारीला मिळाला.

चित्र कसे पोचते?

१. कॅमेरा : एकच कॅमेरा तिवईवर, मधल्या वाटेच्या बाजूला, कोणाची दृष्टी अडणार नाही असा ठेवावा. वेदी व वाचनपीठ एका चौकटीत बसले, तर कॅमेरा सारखा हलवावा लागत नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्यांचे चेहरे जवळून दाखवू नयेत.

२. स्प्लिटर : कॅमेऱ्याची एचडीएमआय केबल या छोट्या डबीत जाते आणि तेच चित्र दोन, चार किंवा आठ वाटांनी बाहेर पडते. सर्व टीव्ही एकाच प्रतीचे असावेत. एखादा जुना कमी क्षमतेचा सेट जोडला, तर पुष्कळदा बाकीच्यांचे चित्रही त्याच्या पातळीवर उतरते.

३. केबल : साधी एचडीएमआय केबल सुमारे १० मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे चित्र लुकलुकते. मांडवापर्यंत जायचे असेल तर दोन्ही टोकांना एक्स्टेंडर लावून मध्ये संगणकाची कॅट-सिक्स केबल टाकावी. एक्स्टेंडरच्या प्रकारानुसार चित्र ५० ते १०० मीटर जाते. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल दगा देते. जाड दगडी भिंतीतून बिनतारी यंत्रणेचा भरवसा धरू नये. केबल पाइपातून न्यावी व विजेच्या तारेपासून फूटभर दूर ठेवावी.

४. आवाज : टीव्हीचे स्पीकर बंद ठेवावेत, आवाज चर्चच्या ॲम्प्लिफायरवरूनच द्यावा. नाहीतर दोन आवाज मागेपुढे होऊन एकही शब्द कळत नाही. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो, त्यामुळे ते किंचित उशिरा दिसते. टीव्हीवर 'गेम मोड' निवडला की हा फरक कमी होतो.

५. आकार : साधा हिशेब असा, की नुसते पाहण्यासाठी शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या आठपटींहून दूर नसावी. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वाचार मीटरपर्यंत नीट दिसते. पन्नास माणसांसमोर एक टीव्ही ठेवण्यापेक्षा दोन ठिकाणी दोन बरे. गीतांचे शब्द दाखवायचे असतील तर दर तीन मीटर अंतरामागे अक्षर अडीच सेंटिमीटर उंच असावे. आपल्या लिपीत वेलांट्या व मात्रा असल्याने एका वेळी चारच ओळी द्याव्यात. उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो, टीव्ही चालतो.

वीज आणि वळीव

आपल्या धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. असे चार टीव्ही, कॅमेरा व बाकी साहित्य मिळून साधारण ४०० ते ५०० वॉट लागतात. १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी व योग्य क्षमतेचा इन्व्हर्टर असेल तर सुमारे दोन तास निघतात. मात्र आधी ध्वनिक्षेपक व दिव्यांसाठी वीज राखावी. वळवाचा पाऊस गडगडू लागला की मांडवातील साहित्य बंद करून केबल काढावी. बाहेरच्या तारेतून विजेचा धक्का आतल्या यंत्रांपर्यंत येऊ शकतो. अर्थिंग तपासल्याशिवाय लोखंडी स्टँडवर टीव्ही चढवू नये.

सारे एकदम घेण्याची गरज नाही. आधी एक कॅमेरा, एक केबल आणि व्हरांड्यात एकच टीव्ही. दोन-तीन रविवार पाहावे, मग पुढचा विचार करावा.

पडद्याची मर्यादा

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंद राहिली. त्या काळात मोबाइलवरच्या मिस्सेने अनेकांना आधार दिला. पण तेव्हाच हेही कळले, की पडद्यावर ख्रिस्तशरीर मिळत नाही आणि शेजाऱ्याला शांतीचे अभिवादन करता येत नाही. म्हणून बाहेर टीव्ही लावला की दोन गोष्टी ठरवाव्यात. ख्रिस्तशरीर बाहेर घेऊन जाणारी व्यक्ती आधीच नेमावी. आणि आत जागा रिकामी असेल तर स्वयंसेवकाने बाहेरच्यांना हाताला धरून आत आणावे. बाहेर बहुतेक तेच बसतात, ज्यांना पुढे यायला संकोच वाटतो. टीव्ही लावला म्हणून त्यांनी कायम बाहेरच बसावे असे होऊ नये. पडदा चार असोत वा एक, वेदी एकच आहे, आणि ती त्यांचीही आहे.

समूहात चर्चेसाठी

१. मोठ्या सणाला आपल्याकडे बाहेर कोण बसते? त्यांना काय ऐकू येते, हे आपण कधी विचारले आहे का?
२. आवाज व बाकांची मांडणी सुधारून किती जणांची सोय होईल?
३. केबल, बॅटरी व कॅमेरा सांभाळायला शिकतील असे दोन तरुण व दोन तरुणी आपल्या वस्तीतून कोण?