रूळ गेले, वाट राहिली : जर्मनीच्या डोंगराळ भागातील शांत सायकलमार्ग



पन्नाशीच्या पुढच्या कोणत्याही पालकाला विचारा, शाळेत कसे जात होता? बरेच जण ‘सायकलने’ असे उत्तर देतील. आज मात्र मुलाला एकट्याने सायकलवर पाठवताना घरच्यांचा जीव खालीवर होतो. रस्त्यावरची वाहने पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून या पाठात आपण एका अशा देशाची माहिती घेणार आहोत, जिथे ऐन डोंगराळ मुलखातसुद्धा मोटारींपासून मोकळे, शांत आणि लहान मुलांना झेपतील असे सायकलमार्ग आहेत. तो देश म्हणजे जर्मनी. भूगोल, विज्ञान आणि इतिहास हे तिन्ही विषय या पाठात एकत्र येतात, म्हणून तो जरा सावकाश वाचावा.

सायकलचे माहेर

सायकलची पूर्वज जर्मनीतच जन्मली. कार्ल ड्राइस यांनी १२ जून १८१७ रोजी मानहाइम शहरातून आपली लाकडी दुचाकी प्रथम चालवली. तिला पायटे नव्हते. स्वार तिच्यावर बसून दोन्ही पायांनी जमिनीला रेटा देत पुढे जाई. पायटे, साखळी, हवा भरलेले टायर हे सारे पुढील सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आले.

डोंगर कसे आहेत?

जर्मनीच्या दक्षिण टोकाला बर्फाच्छादित आल्प्स आहेत. देशाच्या मध्यभागी मात्र जुने, झिजलेले, मध्यम उंचीचे डोंगर पसरले आहेत. हेस्सन राज्यातील फोगेल्सबर्गचे सर्वांत उंच शिखर टाउफश्टाइन ७७३ मीटर उंच आहे. त्याच्या पूर्वेला ऱ्होन डोंगरांत वासरकुपे ९५० मीटरवर जाते. पश्चिमेला बेल्जियमच्या सीमेकडे आयफेलचा डोंगराळ प्रदेश आहे. आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटरांपुढे ही उंची फार वाटणार नाही. पण येथे एक दरी उतरली की लगेच दुसरी चढण येते आणि सायकलस्वाराचा दम निघतो तो या सततच्या चढउतारानेच.

फोगेल्सबर्ग हा मध्य युरोपातील सर्वांत मोठा सलग ज्वालामुखी प्रदेश मानला जातो. त्याचा खडक बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. आपल्या माळव्याच्या पठाराखालीही तोच खडक आहे. फरक वयाचा. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर फोगेल्सबर्गचा साधारण दीड कोटी वर्षांपूर्वीचा.

चढाचे गणित

समजा, ४५ किलो वजनाचा विद्यार्थी १५ किलोच्या सायकलवर बसला आहे. एकूण वजन ६० किलो. तो ताशी १२ किलोमीटर वेगाने चढ चढतो आहे. चढ २.५ टक्के असेल, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर अडीच मीटर उंची वाढत असेल, तर केवळ वर चढण्यासाठी त्याला सुमारे ४९ वॅट शक्ती लागते. चढ १० टक्के असेल तर त्याच वेगासाठी सुमारे १९६ वॅट लागतील. एवढी शक्ती शाळकरी मुलाने बराच वेळ देणे कठीणच. आणि ४९ वॅटच द्यायचे ठरवले, तर त्या चढावर वेग ताशी ३ किलोमीटरवर येतो. इतक्या कमी वेगात सायकलचा तोल सांभाळणे अवघड, म्हणून आपण खाली उतरून सायकल ढकलत नेतो. (वारा आणि घर्षण येथे हिशेबात धरलेले नाही.)

म्हणजे डोंगरात सायकलस्वाराला दोन गोष्टी हव्यात : चढ सौम्य हवा आणि मोटारी नकोत. पण नेहमीच्या रस्त्यांवर या दोन्ही गोष्टी सहसा एकत्र मिळत नाहीत. दरीच्या तळातून जाणारा सपाट रस्ता मोटारींनी भरलेला असतो आणि ओसाड वाट डोंगरावर सरळ उभी चढते. मग दोन्ही साधणारी वाट आणायची कुठून?

रेल्वेने करून ठेवलेले काम

याचे उत्तर रेल्वेकडे मिळाले. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज घरंगळते, पण चढावर तेच चाक घसरते. त्यामुळे रेल्वेला तीव्र चढ चालत नाही. पाताळपाणी ते कालाकुंड हा मीटरगेज घाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तेथील चढ ४० मीटरला १ मीटर, म्हणजे २.५ टक्के आहे. एवढ्याशा चढासाठीही गाडीला जादा इंजिन जोडावे लागे. मुंबई-पुणे मार्गावरील बोर घाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे सुमारे २.७ टक्के. सायकलस्वाराला सोपा वाटणारा चढ रेल्वेच्या दृष्टीने अवघड घाट ठरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी जर्मनीत गावोगाव रेल्वेच्या शाखा पोहोचल्या. डोंगराळ भागात चढ साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी अभियंत्यांनी टेकड्या कापल्या, दऱ्यांवर पूल आणि भराव घातले, बोगदे खोदले, वळणे लांबवली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि बस वाढल्या, प्रवासी घटले आणि यातील अनेक शाखा एकामागून एक बंद झाल्या. रूळ उचलले गेले. खाली उरली ती सौम्य चढाची, मोटाररस्त्यापासून दूर असलेली वाट. तिच्यावर डांबर घातले की सायकलमार्ग तयार. जर्मन भाषेत अशा मार्गाला ‘बानट्रासेन-राडवेग’ म्हणतात, म्हणजे रेल्वेच्या वाटेवरचा सायकलमार्ग. आज जर्मनीत अशा मार्गांची एकूण लांबी ५,००० किलोमीटरहून अधिक आहे.

यातील चार मार्ग आता नकाशा जवळ घेऊन पाहू.

१. फुल्कान-राडवेग (ज्वालामुखी सायकलमार्ग)

फ्रँकफुर्टच्या ईशान्येस, फोगेल्सबर्गच्या अंगावरून हा मार्ग जातो. श्लिट्झ ते अल्टेनश्टाट ही लांबी सुमारे ९४ किलोमीटर आहे आणि त्याचा मोठा भाग जुन्या रेल्वेच्या वाटेवर आहे. हार्टमन्सहाइन गावाजवळ मार्ग पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर पोहोचतो, तरी कुठेही छातीवर येणारी चढण लागत नाही. सगळीकडे डांबर असल्याने बारीक टायरच्या सायकलीही येथे सुखाने चालतात. उन्हाळ्याच्या मोसमात सुटीच्या दिवशी सायकली वाहून नेणाऱ्या बस डोंगरावर जातात. वयस्क मंडळी किंवा मुले असलेली कुटुंबे बसने वर जाऊन सायकलने खाली उतरतात.

२. मिल्झेबुर्ग सायकलमार्ग

फुल्डा शहराजवळून हिल्डर्सकडे जाणारा हा मार्ग ऱ्होन डोंगरात आहे. २००३ साली तो सुरू झाला. त्यावर १,१७२ मीटर लांबीचा बोगदा आहे. आत दिवे आहेत, पण ऐन उन्हाळ्यातही गारठा असतो, म्हणून अंगात काही गरम घालावे लागते. विशेष म्हणजे हा बोगदा हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, बंद ठेवतात. त्या काळात वटवाघळे तेथे शीतनिद्रा घेतात. कोणी त्यांची झोप मोडली तर साठवलेली चरबी लवकर संपते आणि वसंतापर्यंत ती तग धरत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात सायकलस्वाराला डोंगरावरून वळसा घालावा लागतो.

३. मारे-मोझेल सायकलमार्ग

आयफेलमधील डाउन गावापासून मोझेल नदीकाठच्या बेर्नकास्टेल-कूसपर्यंतचा हा ५८ किलोमीटरचा मार्ग. याच्यावर उंच दगडी पूल आणि बोगदे आहेत. सर्वांत लांब बोगदा ५६० मीटरचा आहे. डाउनच्या परिसरात वाटेजवळ गोल तळी दिसतात, त्यांना ‘मार’ म्हणतात. जमिनीखालचा तप्त शिलारस पाण्याला भिडला की वाफेचा प्रचंड स्फोट होतो आणि खळगा पडतो. त्यात पुढे पाणी साचून मार तयार होते. आपले लोणार सरोवरही गोल आहे, पण ते उल्कापाताने झाले. सारखा दिसणारा आकार दोन वेगळ्या कारणांनी होतो, हे येथे लक्षात ठेवावे. शेवटी मार्ग द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात उतरतो. परत वर जाण्यासाठी मोसमात सायकली नेणारी बस मिळते.

४. फेन-बान

हा १२५ किलोमीटरचा मार्ग आखेनहून निघून बेल्जियममधून लक्झेंबर्गमधील ट्रॉइसफिएर्जला जातो. तो २०१३ साली पूर्ण रूपात खुला झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातून या रेल्वेची वाट बेल्जियमकडे गेली, पण काही ठिकाणी दोन्ही बाजूंची जमीन जर्मनीतच राहिली. त्यामुळे जर्मनीचे काही तुकडे मूळ देशापासून तुटल्यासारखे झाले. असे पाच तुकडे आजही नकाशावर आहेत. रूळ गेले, सायकली आल्या, तरी वाटेची ती चिंचोळी पट्टी बेल्जियमचीच आहे. पण सायकलस्वाराला कोणी अडवत नाही. एका वळणावर तो बेल्जियममध्ये असतो आणि हात लांब केला तर जर्मनीत.

शेतरस्त्यांचे जाळे

रेल्वेच्या वाटा सगळीकडे नाहीत. जिथे त्या नाहीत तिथे शेतरस्ते उपयोगी पडतात. पश्चिम जर्मनीत १९५३ साली जमीन एकत्रीकरणाचा, ज्याला आपल्याकडे चकबंदी म्हणतात तसा, कायदा झाला. विखुरलेली शेते एकत्र करताना ट्रॅक्टरसाठी शेतांमधून पक्के रस्ते बांधले गेले. अशा रस्त्यांच्या तोंडाशी बहुधा मोटारींना बंदी असलेली पाटी असते आणि तिच्याखाली शेतीच्या वाहनांना मुभा असल्याचे लिहिलेले असते. सायकलला ही बंदी लागू नाही. मात्र रस्ता मुळात शेतकऱ्यासाठी आहे, म्हणून ट्रॅक्टर आला की सायकलस्वाराने कडेला थांबावे, सुगीच्या दिवसांत चिखल असला तर कुरकुर करू नये, अशी तेथे रीत आहे. या रस्त्यांवर चढ मात्र अधिक असतो, कारण ते रेल्वेसाठी आखलेले नाहीत.

हे आपोआप झाले का?

नाही, आणि पाठातील मुख्य मुद्दा हाच आहे. रेल्वे बंद झाली तेव्हा ती पट्टी अनेकांना निरुपयोगी वाटली होती. काही ठिकाणी ती तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, तेथे घरे, कारखाने किंवा रस्ते झाले. अशा ठिकाणी सायकलमार्गाला जुनी वाट सोडावी लागते आणि स्वाराला पुन्हा चढावर, मोटारींमध्ये जावे लागते. जिथे नगरपालिका आणि जिल्ह्यांनी वेळीच एकत्र येऊन पूर्ण पट्टी घेतली, तिथेच सलग मार्ग झाला. एखादा पूल पाडला किंवा शंभर मीटरचा तुकडा विकला, तरी सगळी साखळी तुटते. मोडलेले पुन्हा जोडायला मूळ बांधकामाइतकाच खर्च येऊ शकतो.

याची दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी लोक म्हणतात की रेल्वेच पुन्हा सुरू करा, ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना तिची गरज आहे. हे म्हणणेही रास्त आहे. पट्टी अखंड राहिली असेल तरच असा विचार करता येतो. शिवाय मार्ग एकदा बांधून भागत नाही. पाने झाडावी लागतात, मुळांनी उचललेले डांबर दुरुस्त करावे लागते, पूल तपासावे लागतात.

आपल्या भागातही मीटरगेजचे रूळ बदलून ब्रॉडगेज होत आहे आणि काही ठिकाणी नवा मार्ग जुन्यापासून दूर जातो. मागे राहिलेल्या वाटेचे काय करायचे, हा प्रश्न पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी वेळीच विचारावा असे आम्हाला वाटते. शाळेपासून घरापर्यंत मोटारींपासून मोकळी एखादी वाट मुलांना मिळणे अशक्य नाही. पण अतिक्रमण झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाचा उपयोग होत नाही.

स्वाध्याय

१. एका मार्गावर ८ किलोमीटरमध्ये १६० मीटर उंची वाढते. चढ किती टक्के?

२. रेल्वेला तीव्र चढ का चालत नाही, ते दोन वाक्यांत लिहा.

३. मार आणि लोणार सरोवर यांतील फरक सांगा.

४. मिल्झेबुर्गचा बोगदा हिवाळ्यात बंद का ठेवतात? तुमच्या मते हे योग्य आहे का?

५. पालकांच्या मदतीने करा : घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. सायकलसाठी सर्वांत धोक्याच्या तीन जागांवर लाल खूण करा. त्या टाळणारी एखादी गल्ली, नाल्याकाठची वाट किंवा जुनी पट्टी आहे का ते शोधा. नकाशे वर्गशिक्षकांकडे द्यावेत. सर्व नकाशे एकत्र करून ते विश्वस्त मंडळासमोर ठेवण्याचा आमचा विचार आहे.