बंगळूरच्या हॉटेलात 'मिलिटरी' कुठून आली?

प्रश्न : माझा मुलगा फ्रान्समधल्या लिआँ शहरात शिकतो. तिथल्या 'बूशाँ' नावाच्या जुन्या खानावळींचं तो फार कौतुक करतो. मी पुढच्या महिन्यात बंगळूरला चालले आहे. तिथे तसं काही आहे का? 'शिवाजी मिलिटरी हॉटेल' असंही नाव ऐकलं. ते फक्त सैनिकांसाठी आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, तिथे कोणीही जावं. जुन्या म्हैसूर मुलखात पाटीवर 'मिलिटरी हॉटेल' दिसलं, की आत मटण-कोंबडी शिजते असं समजायचं. दुसऱ्या बाजूला पाटीवर 'ब्राह्मण' असायचं. आज एमटीआर म्हणून जगभर पोचलेलं हॉटेल १९२४ मध्ये 'ब्राह्मण कॉफी क्लब' या नावानं सुरू झालं. शंकरपुरमचा १९६५ चा 'ब्राह्मिन्स कॉफी बार' अजून तेच नाव लावतो. कोणाच्या चुलीवर काय शिजतं, हे पाहूनच माणसं हॉटेलची पायरी चढत, त्या काळातल्या या पाट्या आहेत.

'मिलिटरी' हा शब्द मराठा सैनिकांच्या जेवणावरून आला, असं बंगळूरकर सांगतात. ती झाली सांगोवांगी. पण मराठ्यांचं तिथलं वास्तव्य हा इतिहास आहे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. बाल शिवाजीही काही काळ तिथे राहिले. पुढे राज्यं बदलली, तरी मराठी घरं तिथेच रुजली आणि नावापुढे 'राव' लावून कानडी मुलखाची झाली. रजनीकांत हे १९५० साली बंगळूरच्या अशाच एका घरात जन्मले. त्यांचं पाळण्यातलं नाव शिवाजीराव गायकवाड. तेव्हा खानावळीच्या पाटीवर 'शिवाजी' दिसलं, तर ते नाव घरातलंच आहे. कॉटनपेठेतलं एस. जी. राव मिलिटरी हॉटेल तर शंभर वर्षांहून जुनं आहे.

तुमच्या मुलाला 'माशाँ'बद्दल नक्की विचारा. लिआँचे रेशीम विणकर रात्रभर मागावर बसत आणि सकाळी डुकराचं मांस, आतडी आणि वाइन असं भरभक्कम जेवत. त्या न्याहारीचं नाव माशाँ. मला बंगळूर लिआँच्या सर्वांत जवळ वाटतं ते इथे. मिलिटरी हॉटेलात सकाळी पाया सूप मिळतं, खिमा मिळतो आणि बिर्याणीही मिळते. शहराबाहेर होसकोटेला तर रविवारी पहाटे अंधारातच बिर्याणीसाठी रांग लागते. आपल्याला सकाळी पोह्यांची सवय, म्हणून पहिल्या दिवशी जीव कचरतो. तरी जाच.

जयनगरमधल्या शिवाजी मिलिटरी हॉटेलात 'दोन्ने बिर्याणी' मागा. दोन्ने म्हणजे आपला द्रोण. हल्ली बहुधा पोफळीच्या विरीचा असतो. हैदराबादी बिर्याणीचं केशर आणि तळलेला कांदा इथे शोधू नका. तांदूळ बारीक, जिरेसाळीसारखा आखूड. रंग कोथिंबीर-पुदिन्याचा हिरवट. मिरचीचा झणका सरळ. गरम भातानं विरी ओलावली, की तिचा एक मंद वास घासात उतरतो. चिनी मातीच्या बशीत तोच भात वेगळा लागेल.

बरोबर कोणी शाकाहारी असेल, तर गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनात न्या. १९४३ पासूनचं हे हॉटेल. डोसा जाड, कुरकुरीत आणि लालसर. मल्लेश्वरमला सीटीआरचा बेण्णे डोसा लोण्यानं माखलेला असतो. ब्राह्मिन्समध्ये इडली-वड्याबरोबर फक्त चटणी, सांबार नाहीच; आणि त्या चटणीपुढे ते आठवतही नाही. एमटीआरमध्ये रवा इडली खा. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा तिथेच रव्यावर प्रयोग करून ती घडवली गेली, असं ते सांगतात.

एक मात्र सांभाळा. मिलिटरी हॉटेलात रागी मुद्दे घेतलात, तर नाचणीचा तो गोळा चावायचा नसतो. बोटांनी लहान तुकडा तोडायचा, मटणाच्या सारूत बुडवायचा आणि सरळ गिळायचा. चावलात तर दातांना चिकटून बसेल. आणि दुपारी दोनची वाट पाहू नका. साडेअकराच्या आत पोचा, आवडीचे पदार्थ लवकर संपतात.