जानेवारीचा भरणा, जूनचं ऊन

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराबाहेरच्या एका रेंजवर, जून महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास प्रस्तुत लेखकाच्या .३०८ रायफलचा बोल्ट अडकला. नेहमी दोन बोटांनी उघडणारा बोल्ट हलेना. तळहाताने दोनदा ठोकल्यावर कुठे तो खटकन वर आला आणि रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बाहेर पडली. तिच्या बुडावरचा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) कडेपर्यंत चपटा झाला होता आणि शेजारी इजेक्टरचा गोल, चकचकीत ठसा उमटला होता. घरी नेऊन त्याच केसमध्ये नवा प्रायमर बसवून पाहिला, तर तो दाब न देताच आत गेला. एकाच बारात पितळ ताणून मोठं झालं होतं.

कोणाला इजा झाली नाही. पण काडतुसं लेखकाने स्वतःच भरलेली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणावर टाकायला जागा नव्हती.

हा भरणा, म्हणजे काडतुसातल्या दारूचं प्रमाण, त्याने जानेवारीत ठरवला होता. तेव्हा सकाळी हवा आठ अंशांवर होती. काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनापासून थोडी थोडी दारू वाढवत तो वरच्या मर्यादेपर्यंत पोहोचला. बोल्ट अलगद उघडत होता, गोळ्या एकमेकींना चिकटून बसत होत्या. खूश होऊन त्याने शंभर काडतुसं भरून ठेवली. जूनमध्ये तीच पेटी त्याने रेंजवरच्या लोखंडी टेबलावर उन्हात उघडी ठेवली. हवा बेचाळीस अंश, काडतुसं हाताला चटका देणारी. त्यातच मध्ये गोळीबार थांबवण्याचा इशारा झाला आणि एक काडतूस पाचेक मिनिटं तापलेल्या चेंबरमध्येच राहिलं. बोल्ट अडकला तो नेमक्या त्याच बाराला.

काडतुसात दारू तितकीच, गोळी तीच, केस तीच. बदललं होतं फक्त तपमान.

धूरविरहित दारूचा प्रत्येक कण पृष्ठभागावरून आत जळत जातो. कण आधीच गरम असेल तर पेट घ्यायला त्याला कमी उष्णता लागते आणि तो वेगाने जळतो. जळणं वेगवान झालं की बंद चेंबरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की जळणं आणखी वेग घेतं. हे चक्र सेकंदाच्या हजाराव्या भागात पूर्ण होतं. म्हणून गोळीचा वेग शेकड्याला दोनने वाढलेला दिसला, तरी चेंबरमधला कमाल दाब त्याहून बराच अधिक चढलेला असतो. वेग मोजणाऱ्या यंत्रावर बदल किरकोळ दिसतो. दाब सोसावा लागतो तो बोल्टला आणि पितळेला.

तपमानाला हळव्या असलेल्या दारूत एका सेल्सिअस अंशामागे गोळीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहून थोडा जास्त बदलतो. तीस अंशांच्या फरकाला हा बदल सेकंदाला पंधरा-अठरा मीटर होतो. पाचशे मीटरवर त्यामुळे गोळी सुमारे दहा सेंटिमीटर वर किंवा खाली लागते. थंडीत ती खाली जाते, उन्हाळ्यात वर. नेमबाजाला हे गुणांचं नुकसान वाटतं. मर्यादेला टेकलेला भरणा असेल, तर मात्र हाच फरक रायफलच्या आणि माणसाच्या जिवावर येतो.

हे दुखणं नवं नाही. ब्रिटिश काळात शिकारी रायफलींच्या काडतुसांत कॉर्डाइट ही धूरविरहित दारू भरत, आणि ती उष्णतेला हळवी होती. इंग्लंडच्या गारव्यात ठीक चाललेला भरणा हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यात दाब चढवी, केस चेंबरला घट्ट धरून बसे. समोर वाघ असताना रिकामी केस बाहेर न निघणं म्हणजे काय, हे त्या काळच्या बंदूककारांना ठाऊक होतं. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी कमी कॉर्डाइटची वेगळी काडतुसं बनत. १९११ साली आलेल्या .४१६ रिग्बी काडतुसाची केस मुद्दाम मोठी ठेवली होती. दारूला जागा जास्त मिळाली की दाब कमी राहतो आणि उन्हातही बोल्ट सहज उघडतो.

आजही लष्करी काडतूस तपमानाच्या कसोटीतून गेल्याशिवाय स्वीकारलं जात नाही. अमेरिकी सैन्याच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसांची चाचणी उणे ५४ पासून ५२ अंशांपर्यंत होते. घरच्या टेबलावर भरणारा माणूस ही कसोटी गाळतो.

लेखक मूळचा रायगडच्या किनाऱ्यावरचा, चौलचा. परतल्यावर त्याने आपल्याकडचं चित्र पाहिलं. इथे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे, तेव्हा घरी रिलोडिंगचा, म्हणजे काडतुसं पुन्हा भरण्याचा, प्रयोग कोणी करू नये. पण शेती संरक्षणाचे बंदूक परवाने गावोगाव आहेत आणि रानडुकरांचा त्रास वाढता आहे. खडकीच्या कारखान्यातली बारा बोअरची काडतुसं अनेक घरांत असतात. शेजारच्या वाडीतल्या काकांना लेखकाने विचारलं, "काका, काडतुसं ठेवता कुठे?"

"माळ्यावर. पत्र्याखाली. पावसात ओल लागत नाय तिथं."

ओलीची भीती खरी आहे, पण पत्र्याखालची जागा चुकीची. किनाऱ्यावर खारा वारा असतो, त्यामुळे मे महिन्यातही पारा तेहतीस-चौतीसच्या फार पुढे सहसा जात नाही. त्यावर माणूस निश्चिंत होतो. पत्र्याखालच्या माळ्यावर मात्र दुपारी याहून कितीतरी जास्त तापतं, आणि समुद्रकाठी उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड साठी ओलांडतो. शिवाय हाच जिल्हा आत गेला की वेगळा होतो. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याच्या हवामान केंद्रावर ४६.५ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी गाजली होती. अलिबागहून काडतुसं घेऊन रोह्याच्या आतल्या भागात गेलेल्या माणसाचं हवामान तासा-दीड तासात बदलतं.

उष्णतेचा दुसरा घाव सावकाश बसतो. दारूतला मुख्य घटक, नायट्रोसेल्युलोज, स्वतःहून हळूहळू विघटित होत असतो. दारूत मिसळलेलं स्थिरक द्रव्य हे विघटन रोखून धरतं, आणि उष्णतेत हे द्रव्य लवकर संपतं. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १९०७ मध्ये 'इएना' आणि १९११ मध्ये 'लिबर्ते' या युद्धनौका स्फोटात नष्ट झाल्या. दोन्ही वेळा ठपका आला तो जुन्या, बिघडलेल्या दारूवर.

ज्यांना कायद्याने रिलोडिंगची मुभा आहे, विशेषतः परदेशातल्या मराठी नेमबाजांना, लेखकाचं सांगणं असं. भरणा थंडीत ठरवलात तर तो अर्धाच ठरला असं समजा. वरच्या मर्यादेपासून अंतर ठेवा आणि वर्षातल्या सर्वांत गरम दिवशी पुन्हा थोड्या काडतुसांवर तपासा. घाई म्हणून काडतुसं गरम पाण्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. वहीत दारूचं नाव, डब्यावरचा लॉट क्रमांक आणि वजन लिहाल, त्यासोबत काडतुसाचं तपमानही लिहा. हवेचं तपमान पुरेसं नाही.

तपमानाला कमी हळव्या दारू आता मिळतात. ऑस्ट्रेलियात बनणारी 'व्हारगेट' त्यांतलीच. तरीही डब्यावरच्या शब्दावर विसंबू नका, आपल्या रायफलमध्ये तपासा.

रेंजवर पेटी सावलीत, झाकण लावून ठेवा. बर्फाच्या पेटीत ठेवू नका, कारण किनाऱ्याच्या दमट हवेत बाहेर काढताच काडतुसावर पाणी जमतं. गोळीबार थांबला की चेंबर रिकामं करा आणि बोल्ट उघडा ठेवा. बोल्ट जड लागला, बुडावर ठसा उमटला, प्रायमर सैल झाला, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तिथेच थांबा. प्रायमर नीट दिसतो म्हणून दाब कमी आहे, असं मात्र समजू नका. लेखकाकडे त्या दिवशी चौसष्ट काडतुसं उरली होती. ती त्याने एकेक करून उघडली आणि गोळ्या वेगळ्या केल्या.

बंदूक परवानाधारक शेतकऱ्यांसाठी यातलं थोडंच पुरे. काडतुसं घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, कुलूपबंद लोखंडी पेटीत ठेवा. चूल, पत्रा आणि गाडी या तिन्ही जागा टाळा. जुनं आणि नवं काडतूस मिसळू नका. हिरवट बूड, फुगलेलं तोंड किंवा आंबूस वास असलेलं काडतूस वापरू नका, परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारून त्याची विल्हेवाट लावा. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा, मगच बंदूक उघडा. ओल लागलेलं काडतूस उशिरा पेटू शकतं.

काकांची पेटी आता माळ्यावरून खाली, ओटीलगतच्या खोलीत आली आहे. तुमची कुठे आहे, ते एकदा आज दुपारी, ऊन चढलेलं असताना, हात लावून पाहा.