शाई वेगळी का?

'चार टिकल्यांएवढी भोकं, परवा घरी,' असं मी भांडुपच्या त्या काकांच्या घरच्यांना सांगून बसलो होतो. मुलुंडचं नर्सिंग होम, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं. आत पाहतो तर सगळं चिकटलेलं. रक्तस्राव थांबेना, म्हणून पोट उघडलं. निर्णय बरोबर होता; आजही तोच घेईन. पण बाहेर काकूंना बरगडीखालची वीतभर पट्टी दिसली. 'डॉक्टर, टिकल्या म्हणाला होतात ना?' 'नंतर बोलू' म्हणत मी जिना उतरलो. घाटकोपरला पुढची केस होती. दावा खरा त्या जिन्यातच सुरू झाला.

जखम चिघळली, मुक्काम बारा दिवसांवर गेला, बिल फुगलं. मुलाने केस पेपर मागितले. 'कशाला हवेत?' हा माझा उलटा प्रश्न. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. आमच्या काउंटरने त्याला आठ दिवस हेलपाटे घालायला लावले. आणि त्या आठ दिवसांत मी खरा गाढवपणा केला. माझी ऑपरेशन नोट दोनच ओळींची, निळ्या बॉलपेनातली. मधल्या कोऱ्या जागेत काळ्या जेल पेनाने 'सर्व चिकटलेले' एवढं घुसडलं. खरं तेच लिहिलं, पण मागाहून.

वांद्र्याच्या ग्राहक मंचात त्यांच्या वकिलांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. 'डॉक्टरसाहेब, शाई वेगळी का?' शस्त्रक्रियेत चूक झाल्याचं कुणी दाखवू शकलं नव्हतं, पण त्यानंतर माझं ऐकतो कोण? तडजोडीची रक्कम मुकाट भरली.

१९९५च्या व्ही. पी. शांता निकालाने आपल्याला ग्राहक कायद्यात ओढलं, हे रडगाणं आता पुरे. टाके घालून झाले की तिथेच नोट लिहा, वेळेसकट. चुकलं तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही-तारीख. गुंतागुंत झाली तर स्वतः बाहेर या, असिस्टंटला पाठवू नका. आणि संमती पेशंटचीच. समीरा कोहली खटल्यात पेशंट भुलेखाली असताना आईला विचारून गर्भाशय काढलं होतं. जीव वाचवण्याची तातडी नव्हती, म्हणून २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संमती मानली नाही.

मी हल्ली संमतिपत्राच्या पाठीवर पोट काढतो: चार ठिपके आणि बरगडीखाली एक तिरकी रेघ. परवा घाटकोपरच्या एका बेननी त्या रेघेवर बोट ठेवलं.

'ही पण?'

'लागली तर, हो.'

त्यांनी पेन खाली ठेवलं. 'सुनेशी बोलून येते.'

मी त्यांचं नाव गुरुवारच्या यादीत टाकलं.